टाकाऊ वस्तूंतून बालहस्तव्यवसाय

टाकाऊ वस्तूंतून बालहस्तव्यवसाय : घरात वापरून झालेल्या आणि एरवी केरात, रद्दीत किंवा भंगारात जाणाऱ्या वस्तू बालकांच्या हाती देऊन त्यांच्याकडून खेळणी, चित्रे, नमुने व साधी उपकरणे करवून घेणे आणि त्या कृतीतून त्यांची ज्ञानेंद्रिये, स्नायू व विचारशक्ती यांना वळण लावणे, या शैक्षणिक प्रथेस ही संज्ञा लावता येईल. सामान्यतः अडीच-तीन ते सात-आठ वर्षे वयाच्या मुलांसाठी हा हस्तव्यवसाय योजला जातो. रिकाम्या काड्यापेट्या, बाटल्यांची बुचे, नारळाच्या करवंट्या, कापडाच्या चिंध्या, जुनी वर्तमानपत्रे, सुतळी व लोकर यांचे तुकडे, फळांच्या बिया, पुठ्ठ्याची खोकी इत्यादींचा त्यात उपयोग करतात. मराठीत या प्रकारास ‘टाकाऊतून टिकाऊ’ असे लोकप्रिय नाव मिळाले आहे. तथापि ते नाव प्रौढांच्या काटकसरीला अधिक लागू पडते. बालशिक्षणात वस्तू टिकणे हे साध्य नसते. सकाळी केलेली काड्यापेटीची आगगाडी दुपारी मोडून तिचे घर झाले, तर ते शिक्षणाच्या दृष्टीने यशच मानले जाते.

‘टाकाऊ’ ही संज्ञाही सापेक्ष आहे. महाराष्ट्रातील सामान्य घरात जुन्या लुगड्याची गोधडी होई, जुने कपडे देऊन बोहारणीकडून भांडे घेतले जाई, रद्दी वजनावर विकली जाई आणि डबे व बाटल्या साठवणीसाठी किंवा भंगारवाल्यासाठी राखून ठेवल्या जात. मुलांच्या वाट्याला येई ते या सर्व वाटांतून उरलेले. त्यामुळे या विषयाचा इतिहास हा केवळ अध्यापनपद्धतीचा इतिहास नाही. कोणत्या समाजात काय फेकले जात होते, मुलांच्या हाती काय देणे योग्य मानले जात होते आणि ते ठरविण्याचा अधिकार कोणाकडे होता, हेही त्यावरून कळते.

पारंपरिक पार्श्वभूमी : शाळेचा संबंध नसतानाही मुले उरल्यासुरल्या वस्तूंतून खेळणी करीत आली आहेत. चिंध्यांची बाहुली, करवंट्यांची भातुकली, वर्तमानपत्राची होडी, टोपी व भिरभिरे, दोऱ्याने जोडलेल्या दोन काड्यापेट्यांचा दूरध्वनी ही त्याची सर्वपरिचित उदाहरणे होत. ज्वारीच्या धाटाची साल सोलून आतील भेंड काढायचे आणि सालीच्या काड्या भेंडात खोचून बैलगाडी किंवा चष्मा करायचा, हा देशावरील मुलांचा जुना उद्योग होय. किनारपट्टीवर ताडगोळे खाऊन झाल्यावर उरलेल्या ताडफळांच्या कवचांची चाके करून गाडा ओढला जातो. दिवाळीतील किल्ला हे याच परंपरेचे मोठे व सामूहिक रूप आहे. विटांचे तुकडे व दगड रचून त्यांवर चिखलात बुडविलेले गोणपाट पसरायचे, त्यावर माती लिंपायची आणि अळीव वा मोहरी पेरून हिरवळ उगवायची, या कृतीत उतार, भार, ओलावा व अंकुरण यांचा अनुभव मुले आपोआप घेतात. या सर्व प्रकारांत शिकविणारा बहुधा थोडा मोठा भाऊ, बहीण किंवा शेजारचा सवंगडी असे. प्रौढांचे लक्ष नसे आणि या खटाटोपास कोणी शिक्षण म्हणतही नसे. त्याला शिक्षणाचे नाव मिळाले, ते यूरोपातील बालशिक्षणविषयक विचारानंतर.

यूरोपातील प्रारंभ : मोरेव्हियन शिक्षणतज्ज्ञ कोमीनिअस (१५९२–१६७०) याने सहा वर्षांपर्यंतच्या बालकांच्या घरगुती शिक्षणावर लिहिलेला ग्रंथ १६३३ मध्ये जर्मन भाषेत प्रसिद्ध झाला. मुलांना सतत काही ना काही करीत राहण्याची ओढ असते, तिला अडवू नये. माती, लाकडाच्या ढलप्या व दगड यांची घरे त्यांना रचू द्यावीत, असे त्याने सुचविले. पुढे पेस्टालोत्सी (१७४६–१८२७) याने शब्दापेक्षा प्रत्यक्ष वस्तूला शिक्षणात अग्रस्थान दिले. या दोघांच्या विचारांना निश्चित कार्यक्रमाचे रूप देण्याचे श्रेय जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रीड्रिख फ्रबेल (१७८२–१८५२) याच्याकडे जाते. त्याने १८३७ मध्ये बाट ब्लांकेनबुर्क येथे बालकांसाठी संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला किंडरगार्टन म्हणजे बालोद्यान हे नाव दिले.

फ्रबेलने बालोद्यानातील साहित्याचे दोन भाग केले. चेंडू, गोल, घन, दंडगोल व घनाचे विभाजित ठोकळे यांना त्याने ‘देणग्या’ म्हटले. त्यांचा आकार बदलत नसे. कागदाच्या घड्या घालणे, कातरणे, पट्ट्या विणणे, पुठ्ठ्याला टोचे मारून त्यावर शिवणे, मातीकाम इत्यादींना त्याने ‘व्यवसाय’ म्हटले. त्यांत मूल साहित्याचे रूप स्वतः पालटीत असे. भिजविलेल्या वाटाण्यांत टोकदार काड्या खोचून त्रिकोण, चौकोन, घन व घरांचे सांगाडे करणे हा त्यांपैकी विशेष उल्लेखनीय व्यवसाय होय. वाटाणा वाळला की आकसतो आणि काडीला घट्ट धरून ठेवतो. स्वयंपाकघरातील मूठभर धान्यातून त्रिमितीय भूमितीचा पाठ मिळण्याची ही सोय पुढील शंभर-दीडशे वर्षांत निरनिराळ्या देशांत पुन्हा पुन्हा शोधली गेली.

फ्रबेलचे साहित्य मुळात साधे होते; परंतु त्याच्या मृत्यूनंतर बालोद्यानाचा प्रसार होताच ते बाजारात आले. अमेरिकेत मिल्टन ब्रॅडली या स्प्रिंगफील्ड (मॅसॅचूसेट्स) येथील उद्योजकाने १८६९ पासून त्याचे उत्पादन सुरू केले. टोचून तयार असलेली शिवणपत्रे, एकसारख्या मापाच्या रंगीत पट्ट्या आणि ठोकळ्यांच्या पेट्या विकत मिळू लागल्या. त्यामुळे शिक्षिकेची सोय झाली व प्रसार वेगाने झाला. मात्र कृतींचा क्रम ठरीव झाला आणि मुलाने काय करावे, याचा निर्णय साहित्य बनविणाऱ्याकडे गेला. बालोद्यानात पन्नास मुले एकाच वेळी एकच घडी घालीत बसलेली दिसू लागली, तेव्हा फ्रबेलच्या स्वयंस्फूर्त कृतीच्या तत्त्वाचाच विसर पडला होता.

याच सुमारास रोममध्ये मारिया माँटेसरी (१८७०–१९५२) यांनी सॅन लॉरेन्झो या गरीब वस्तीत ६ जानेवारी १९०७ रोजी बालगृह उघडले. त्यांची साधने अत्यंत काटेकोर होती. दट्ट्याच्या ठोकळ्यात चुकीचा दट्ट्या घातला, तर तो बसत नाही आणि मुलाला आपली चूक शिक्षकाविना कळते. या गुणासाठी मापे तंतोतंत असणे अपरिहार्य होते. त्यामुळे साधने महाग झाली. अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन ड्यूई (१८५९–१९५२) याने १९१६ च्या आपल्या शिक्षणविषयक ग्रंथात फ्रबेलपंथी बालोद्यान व माँटेसरी बालगृह या दोहोंवर एकच आक्षेप घेतला. दोन्ही ठिकाणी मुलाच्या हाती कच्चा माल देण्याची धास्ती वाटते. ज्यात प्रौढांची बुद्धी आधीच ओतलेली आहे अशाच वस्तू त्याला दिल्या जातात आणि त्यामुळे चुकत चुकत शिकण्याची संधी हिरावली जाते, असे त्याचे म्हणणे होते. टाकाऊ वस्तूंच्या शैक्षणिक समर्थनाचा हाच पाया मानता येईल. पुठ्ठ्याच्या खोक्यावर ‘हे असेच वापर’ अशी आज्ञा लिहिलेली नसते.

ड्यूईचा आक्षेप तात्त्विक होता. प्रत्यक्षात टाकाऊ वस्तू शिशुशाळेत आली ती दारिद्र्याच्या वाटेने. लंडनच्या डेटफर्ड या श्रमिक वस्तीत रेचल व मार्गारेट मॅकमिलन या भगिनींनी १९१४ मध्ये मोकळ्या हवेतील शिशुशाळा काढली. तिच्या बागेत फुलझाडे व वाळूबरोबर दगड, जुनी लोखंडी भांडी व पत्र्याचे तुकडे यांचा एक मुद्दाम राखलेला ढीगही असावा, अशी मार्गारेट मॅकमिलन हिची धारणा होती आणि १९१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात तिने ती मांडली. मुलांना व्यवस्थित बागेइतकीच अव्यवस्थित जागेचीही गरज असते, हा विचार त्या काळी नवा होता.

महायुद्धोत्तर काळ : दुसऱ्या महायुद्धाने या विचाराला अनपेक्षित चालना दिली. जर्मन ताब्यातील डेन्मार्कमध्ये कोपनहेगनजवळ एमड्रुप येथे १९४३ मध्ये भंगाराचे क्रीडांगण सुरू झाले. उद्यानरचनाकार सी. टी. सोरेनसेन याने हा विचार १९३१ मध्येच मांडला होता. सजविलेल्या बागांपेक्षा बांधकामाच्या जागेवर मुले अधिक रमतात, हे त्याचे निरीक्षण होते. हे क्रीडांगण मोठ्या मुलांसाठी असले, तरी मोडक्या वस्तूंनाही शैक्षणिक प्रतिष्ठा असते, हे त्याने दाखवून दिले. १९४५ मध्ये युद्ध संपताच उत्तर इटलीतील रेद्जो एमील्याजवळच्या व्हिला चेल्ला या गावी लोकांनी माघार घेतलेल्या सैन्याचा रणगाडा, मालमोटारी व घोडे विकून आलेल्या पैशांतून बालशाळा बांधावयास घेतली. तेथून पुढे लोरीस मालागुत्सी (१९२०–१९९४) याच्या मार्गदर्शनाखाली बालशिक्षणाचा जो प्रवाह निर्माण झाला, त्यात प्रत्येक शाळेला कार्यशाळेची खोली आणि तीत निवडून, वर्गवारी करून मांडलेले साहित्य यांना मोठे महत्त्व आले. कारखान्यांतील कतरणी व उरलेले भाग गोळा करून शाळांना पुरविणारे केंद्र त्या शहरात १९९६ मध्ये सुरू झाले. टाकाऊ वस्तूही सुंदर रीतीने मांडली, तरच मुलाला तीतील शक्यता दिसते, हा या प्रवाहाचा विशेष होय.

युद्धात उद्ध्वस्त झालेल्या देशांतील विज्ञानशिक्षकांसाठी युनेस्कोने १९४८ मध्ये एक पुस्तिका प्रसिद्ध केली. प्रयोगशाळा नसतानाही बाटल्या, डबे व मेणबत्त्या यांच्या साहाय्याने विज्ञान कसे शिकवावे, हे तीत सांगितले होते. तिचाच विस्तार होऊन १९५६ मध्ये विज्ञानशिक्षणाचा सुप्रसिद्ध संदर्भग्रंथ तयार झाला. १९७१ मध्ये सायमन निकल्सन या ब्रिटिश कलावंताने ‘सुट्या भागां’चा सिद्धांत मांडला. एखाद्या परिसरात मुलांना हलविता, जोडता व मोडता येतील असे घटक जितके अधिक, तितकी कल्पकता व शोध यांना संधी अधिक, असे त्याचे सूत्र होते. अशा रीतीने, गरजेपोटी स्वीकारलेल्या वस्तूंना विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्वतंत्र तात्त्विक आधार मिळाला.

भारतातील वाटचाल : भारतात या विषयाला दोन प्रवाहांनी आकार दिला. पहिला प्रवाह महात्मा गांधींच्या नयी तालीमचा. १९३७ च्या वर्धा परिषदेत उत्पादक हस्तोद्योगाच्या माध्यमातून शिक्षण देण्याचा विचार पुढे आला. १९४५ मध्ये त्याची कक्षा वाढवून त्यात पूर्व-बुनियादी म्हणजे शालेय वयापूर्वीच्या शिक्षणाचाही अंतर्भाव केला गेला. घरातील व परिसरातील काम हेच बालकाचे साधन होय, अशी त्याची भूमिका होती. दुसरा प्रवाह गुजरातमधील भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेतून आला. तेथे गिजुभाई बधेका (१८८५–१९३९) यांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले आणि माँटेसरी पद्धतीला भारतीय कथा, गीते व खेळ यांची जोड दिली. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) त्यांच्या सहकारी होत्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली आणि पुढे ताराबाईंनी मुंबईत दादर येथे या कार्याचा विस्तार केला.

शहरातील बालमंदिरे मध्यमवर्गीय मुलांपुरती राहत आहेत, हे जाणवल्याने ताराबाई १९४५ मध्ये बोर्डी या किनाऱ्यावरील गावी गेल्या. अनुताई वाघ (१९१०–१९९२) त्याच वर्षी त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ मध्ये हे कार्य डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर, वारली आदिवासींच्या वस्तीत नेण्यात आले. येथे बालशिक्षणापुढचा प्रश्न उघडा पडला. घासूनपुसून ठेवलेली महाग लाकडी साधने या पाड्यांना परवडणारी नव्हती आणि मुलांच्या जगाशीही त्यांचे नाते नव्हते. मुले शाळेत येत नसत, म्हणून शाळाच पाड्यावरील अंगणात भरविली गेली. तीतून ‘अंगणवाडी’ ही संकल्पना रूढ झाली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. साधनांच्या जागी शंखशिंपले, गारगोट्या, बिया, पाने, काटक्या व माती आली. लहानमोठा क्रम लावण्यास गारगोट्या, मोजण्यास चिंचोके, स्पर्श ओळखण्यास निरनिराळी पाने, असा हा बदल होता. तत्त्व माँटेसरींचे, साहित्य परिसराचे, असे त्याचे वर्णन करता येईल. या प्रयोगाने एक महत्त्वाचा निष्कर्ष दिला : साधन स्वस्त असणे हा त्याचा दुय्यम गुण होय, ते मुलाच्या ओळखीचे असणे हा मुख्य गुण होय.

शासकीय पातळीवर कोठारी आयोगाने (१९६४–६६) कार्यानुभवाची शिफारस केली आणि तो विषय महाराष्ट्रातील शाळांत रूढ झाला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली व तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. पूर्वप्राथमिक शिक्षण हा त्या योजनेतील सहा सेवांपैकी एक आहे. मात्र अंगणवाडी सेविकेवर आहार, आरोग्य व नोंदी यांचा भार असल्याने हस्तव्यवसायासाठी वेळ व साहित्य यांची सदैव चणचण राहिली. घरगुती वस्तूंचा उपयोग करण्यावर भर देण्यामागे हे व्यावहारिक कारणही होते.

काडीपेटी व वाल्व्ह नळी : मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ मध्ये किशोर भारती व फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी १६ शाळांत विज्ञानशिक्षणाचा एक कार्यक्रम सुरू केला. पाठांतराऐवजी प्रयोग आणि विकतच्या उपकरणांऐवजी गावातील बाजारात मिळणाऱ्या वस्तू, हे त्याचे सूत्र होते. कार्यक्रम माध्यमिक पूर्व वर्गांसाठी असला, तरी त्यातून निघालेली खेळणी बालवर्गांपर्यंत पोहोचली. १९७८ च्या सुमारास अरविंद गुप्ता हे पुण्यातील मोटार उद्योगात काम करणारे अभियंते तेथे काही काळ राहिले. सायकलच्या वाल्व्हसाठी वापरल्या जाणाऱ्या बारीक रबरी नळीचे तुकडे सांध्यासारखे वापरून काडीपेटीच्या काड्या जोडण्याची कल्पना त्यांनी तेथे विकसित केली.

या खेळाचा शैक्षणिक आशय साधा, पण खोल आहे. तीन काड्या व तीन नळ्या यांचा त्रिकोण दाबला, तरी त्याचा आकार बदलत नाही. चार काड्यांचा चौकोन मात्र बोटाच्या हलक्या दाबाने कलतो आणि तिरपा होतो. त्यात कर्णाची काडी बसविली, की तो पुन्हा ताठ होतो. पूल, मनोरे व छपरांच्या कैच्या यांत त्रिकोण का दिसतात, हे सहा-सात वर्षांचे मूल येथे स्वतःच्या बोटांनी समजून घेते. नळीला बाभळीच्या काट्याने भोक पाडून त्यात तिसरी काडी खोचली, की आकृती सपाटीवरून उभी राहते व त्रिमितीय घरे तयार होतात. फ्रबेलच्या वाटाण्याची जागा येथे रबरी नळीने घेतली आहे. दोन्हींत भेद एवढाच, की वाटाण्याचा सांधा वाळल्यावर स्थिर होतो, तर नळीचा सांधा लवचीक राहतो आणि म्हणूनच आकृतीची दृढता पारखता येते. या प्रतिकृतींवरील पुस्तक एकलव्य या संस्थेने १९८७ मध्ये प्रसिद्ध केले. होशंगाबादचा कार्यक्रम २००२ मध्ये शासनाने बंद केला. परंतु त्यातील खेळणी टिकून राहिली. पुण्यातील आयुका या संस्थेच्या बालविज्ञान केंद्रात २००३ पासून गुप्ता यांनी कचऱ्यातून खेळणी करण्याचे काम अनेक वर्षे केले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री हा किताब देण्यात आला.

कृती व शैक्षणिक कार्य : बालकाच्या वयानुसार हस्तव्यवसायाचे स्वरूप बदलते. अडीच-तीन वर्षांच्या मुलास वस्तू ओतणे, भरणे, कागद फाडणे व चुरगळणे आवडते. फाडलेले कपटे गव्हाच्या पिठाच्या खळीने चिकटविणे, हा त्याचा पहिला हस्तव्यवसाय होय. फाडताना दोन्ही हात विरुद्ध दिशांना चालतात आणि अंगठा व तर्जनी यांची चिमूट बळकट होते. पुढे लेखणी धरण्यास तीच चिमूट उपयोगी पडते. तीन-चार वर्षांचे मूल भोके पाडलेल्या बुचांत नाडी ओवू शकते. भेंडी आडवी कापून तिचा ठसा उमटविला, तर पंचकोनी फूल उठते. एकाच वस्तूतून तीच आकृती पुन्हा पुन्हा निघते, हा शोध मुलाला विलक्षण वाटतो. चार ते सहा वर्षांत कातरणे, घडी घालणे, जोडणे व तोल साधणे शक्य होते. दोन करवंट्या, एक काठी व सुतळी यांचा तराजू केला, की जड व हलके या शब्दांना अर्थ येतो. दोन करवंट्या सारख्या नसतील, तर काठी रिकामीच कलते आणि सुतळीचा सांधा सरकवून तोल आणावा लागतो. विकतच्या तराजूत हा प्रश्न उद्‌भवत नाही व म्हणून ते शिक्षणही घडत नाही.

गणिताच्या पूर्वतयारीसाठी बुचे उपयुक्त ठरतात. रंगानुसार, आकारानुसार व दातेरी-गुळगुळीत अशा कडांनुसार त्यांचे गट करता येतात. एकच बूच निरनिराळ्या गटांत जाऊ शकते, हे उमगणे ही वर्गीकरणातील मोठी पायरी होय. भाषेचा विकासही याच कामातून होतो. आत-बाहेर, वर-खाली, घट्ट-सैल, खरखरीत-मऊ हे शब्द मूल हाताने करीत असतानाच ऐकते व वापरते. आपण काय केले, हे सांगण्याची हौस असल्याने अबोल मुलेही बोलू लागतात.

दक्षता : टाकाऊ वस्तू निर्धोक असतातच, असे नाही. तीन वर्षांखालील मुलांच्या हाती घशात अडकतील अशा बारीक वस्तू देऊ नयेत. चिंचोके, वाटाणे व तत्सम बिया नाकात वा कानात गेल्यास ओलाव्याने फुगतात. गुंज व एरंड यांच्या बिया दिसावयास आकर्षक असल्या, तरी विषारी आहेत. त्या मुळीच वापरू नयेत. काडीपेटीच्या काड्यांचा गूल आधी काढून टाकावा. पत्र्याच्या डब्यांच्या कडा, फुटलेल्या बांगड्या, औषधांच्या बाटल्या व विद्युत्‌घट वर्ज्य करावेत. बटनासारखे लहान विद्युत्‌घट गिळले गेल्यास प्राणघातक इजा होऊ शकते. घरात साठविलेल्या वस्तू धुऊन व वाळवून मगच द्याव्यात.

मर्यादा व मूल्यमापन : या प्रथेत काही दोषही शिरले. पहिला दोष प्रदर्शनाचा. अनेक शाळांत हस्तव्यवसायाचे गुण वस्तूच्या देखणेपणावर दिले जाऊ लागले. परिणामी आयस्क्रीमच्या काड्या व थर्मोकोल दुकानातून विकत आणले जाऊ लागले आणि घर, जहाज वा भेटकार्ड पालकांच्या हातून तयार होऊ लागले. टाकाऊ वस्तूंच्या नावाने नवा माल खपणे हा मोठाच विरोधाभास होय. महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये प्लॅस्टिक व थर्मोकोल यांच्या अनेक वस्तूंवर बंदी घातल्यानंतर शालेय प्रतिकृतींच्या या पद्धतीचा फेरविचार करणे भाग पडले. दुसरा दोष विषमतेचा. प्रत्येकाने घरून रिकामा डबा किंवा खोके आणावे, अशी सूचना वरवर निरुपद्रवी वाटते. परंतु ज्या घरात डबा रिकामा झाल्यावर त्याचेच धान्याचे भांडे होते, त्या घरातील मुलाला ती अडचणीत टाकते. साहित्य सामुदायिक पेटीत जमवून सर्वांना सारखे देणे, हाच त्यावर उपाय होय.

तिसरा दोष अधिक गंभीर आहे. कमी खर्चाचे साहित्य हे गरिबांच्या शाळांना कमी निधी देण्याचे समर्थन ठरू शकते. कोसबाड व होशंगाबाद येथील अनुभव याच्या उलट सांगतो. वस्तू फुकट मिळाली, तरी ती गोळा करणारी, निवडणारी, धुणारी आणि मूल काय करते आहे हे शांतपणे पाहणारी शिक्षिका फुकट मिळत नाही. तिला प्रशिक्षण, वेळ व योग्य वेतन लागते. साहित्यावरील खर्च वाचला, तर तो येथे वळविला गेला पाहिजे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने खेळ व कृती यांवर आधारित पायाभूत शिक्षणाचा पुरस्कार केला आणि २०२३ मध्ये तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी ‘जादुई पिटारा’ हा साहित्यसंच प्रसिद्ध झाला. अशा तयार संचांचा उपयोग निश्चितच आहे. तथापि पेटीतील साहित्य संपल्यावर किंवा मोडल्यावर शिक्षिकेला व मुलांना परिसरातून नवे साहित्य शोधता येणे, हीच त्यांच्या यशाची कसोटी ठरेल.

सुमारे दोनशे वर्षांच्या या इतिहासात एक आवर्तन पुन्हा पुन्हा दिसते. साधी वस्तू मुलाच्या हाती येते, तिचे शैक्षणिक मोल ओळखले जाते, मग तिचा संच होतो, संचाची किंमत वाढते व कृती ठरीव होतात. आणि नंतर कोणी तरी, बहुधा गरीब वस्तीत काम करताना, पुन्हा मूठभर गारगोट्यांकडे किंवा काड्यांकडे वळते. टाकाऊ वस्तूचे सामर्थ्य तिच्या अपुरेपणात आहे. ती स्वतः काहीच नसल्यामुळे तिचे काय करावयाचे, हे मुलालाच ठरवावे लागते. तो निर्णय त्याच्या हाती ठेवणे हाच या हस्तव्यवसायाचा मुख्य हेतू असून तो सुटल्यास उरते ती केवळ शोभेची वस्तू.